साताऱ्यातली दोन खोल्यांची लॅब आणि माझ्या हार्मोनचं माप

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्यात माझ्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ नाकातून काढली आणि तेव्हापासून आजपर्यंत माझं रक्त कितीतरी वेळा काढून झालंय. त्यातलं बहुतेक सगळं राजवाड्याच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये. हे त्या लॅबबद्दल आहे. नाव लिहू का म्हणून लॅब चालवणाऱ्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नाव नको, काम लिहा." म्हणून काम लिहिते.

आधी थोडं माझं सांगते, म्हणजे कुठली तपासणी कशासाठी ते कळेल. माझी कापडाची कात्री सासूबाईंची, दहा इंची, लोखंडी मुठीची. २०१८च्या सुमारास तिच्या मुठीत अंगठा घट्ट बसायला लागला. मग अंगुस्तान बोटात जाईना. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढली. चप्पल सहा नंबरची आठवर गेली. रात्री हाताला मुंग्या, दिवसा घामाच्या धारा, घोरणं इतकं वाढलं की मुलगी बाहेरच्या खोलीत झोपायला लागली. शिवणकामाने हात सुजतात, वय झालं, वजन वाढलं, असं ज्याला जे वाटेल ते त्याने सांगितलं आणि मीही ऐकलं. शेवटी दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते दाढ सोडून माझ्या जबड्याकडेच बघत बसले. "खालचा जबडा पुढे आलाय, दातांत फटी पडल्यात. आधी हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाले. सहा वर्षं जे कुणाला दिसलं नाही ते त्यांना पाच मिनिटांत दिसलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा पहिलं आयजीएफ-१, म्हणजे अंगात वाढीचं हार्मोन किती सुटतंय ते दाखवणारं रक्तातलं माप, याच लॅबमध्ये दिलं होतं. आकडा आला ७९४. माझ्या वयाला वरची मर्यादा २५०च्या आसपास. एमआरआयमध्ये १७ मिलिमीटरची गाठ. रोगाचं नाव अ‍ॅक्रोमेगॅली, म्हणजे वाढीचं हार्मोन मोठ्या वयात जास्त सुटणं. पिट्युटरी ग्रंथी वाटाण्याएवढी, नाकाच्या मागे मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खळग्यात बसलेली. त्या खळग्याला त्याच्या आकारावरून डॉक्टर तुर्की खोगीर म्हणतात. थायरॉईड, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, बीजकोष, लघवीतलं पाणी, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतात. गाठ डॉक्टरांनी काढली. ती सगळी गेली का, आणि जाताना चांगल्या ग्रंथीला किती धक्का लागला, हे पुढे रक्तावरूनच कळतं. म्हणून माझ्यासारख्या माणसाला चांगला सर्जन जितका लागतो तितकीच चांगली लॅब लागते. हे मला ऑपरेशननंतर सातव्या दिवशी कळलं.

ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस मला लघवी अखंड होत होती. सिस्टर प्लास्टिकच्या मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायच्या. एका दिवसात साडेपाच लिटर झाली. त्यावर एकदा औषध दिलं, तिसऱ्या दिवशी ते थांबलं आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं : नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाकातून खारट पाणी गळलं तर लगेच कळवायचं, आणि सातव्या दिवशी रक्तातलं सोडियम तपासायचं.

त्या सोडियमकडे आमच्या घरात कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. नणंद कोरेगावहून शहाळी घेऊन आल्या होत्या. जो येईल तो म्हणे, "ऑपरेशन झालंय, भरपूर पाणी पी, अंगातली उष्णता कमी होईल." सगळे मायेने सांगत होते, आणि मी पीत होते. सहाव्या रात्री डोकं जड झालं, मळमळायला लागलं. नाक आतून भरलंय म्हणून असेल, असं वाटलं. सकाळी हे मला स्कूटरवर बसवून लॅबकडे घेऊन गेले. त्या इमारतीचा जिना लाकडी, उभा, अठरा पायऱ्यांचा. मी तिसऱ्या पायरीवर बसले आणि पुढे उठवेना.

ताई वरून ट्रे घेऊन खाली आल्या. माझ्या खालच्या पायरीवर गुडघे टेकून बसल्या, पट्टा बांधला, नस चाचपली आणि तिथेच रक्त काढलं. नळीवर नाव आणि वेळ लिहिली : ७.२०. ह्यांना म्हणाल्या, "दादा, यांना घरी नेऊन आडवं करा, एकटं सोडू नका. मी आत्ता लावते."

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला असता तर ह्यांनी तो दुपारी बघितला असता. ताईंनी फोन केला. "सोडियम १२४ आलंय. मी दोनदा लावून बघितलं, दोन्ही वेळा तेच. खालची मर्यादा १३५ असते. पुण्याच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन लावा, रिपोर्ट मी पाठवलाय. काय करायचं ते तेच सांगतील, पण थांबू नका." पाच मिनिटांनी परत फोन, डॉक्टर लागले का म्हणून.

डॉक्टर लागले. आधी पाणी बंद करा आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखल करा, म्हणाले. ग्रंथीच्या मागच्या भागात पाणी धरून ठेवणारं हार्मोन साठवलेलं असतं. ऑपरेशनमध्ये तो भाग दुखावला की पहिले एकदोन दिवस ते सुटतच नाही, म्हणून लघवी पाण्यासारखी वाहते. मग चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काही जणांत दुखावलेल्या पेशींतला साठा एकदम बाहेर पडतो. मूत्रपिंड पाणी सोडत नाही, रक्त पातळ होतं आणि सोडियम खाली जातं. त्यात माणूस प्रेमाने दिलेली शहाळी पीत असेल तर आणखी खाली. फार खाली गेलं तर फिट येते, शुद्ध जाते. साताऱ्यातच दोन रात्री दाखल होते. दिवसभरात सगळं मिळून एक लिटर पाणी, त्यात चहासुद्धा धरलेला. दर सहा तासांनी सोडियम. ते भरभर वाढवायचं नसतं, त्यानेही मेंदूला इजा होते, म्हणून हळूहळू १२७, १३१, १३५. ज्यांचं हे ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांच्या घरच्यांना मी हात जोडून सांगते, सातव्या दिवसाचं सोडियम चुकवू नका, आणि पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्या.

आता कॉर्टिसॉल, म्हणजे पिट्युटरीच्या हुकुमाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते, आजारात शरीराला तारून नेणारं हार्मोन. या लॅबची खरी किंमत मला इथे कळली, आणि त्याआधी एक चूक माझ्याच हातून झाली. ऑपरेशननंतर मला हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड चालू होतं, सकाळी १० मिलिग्रॅम, दुपारी ५. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवतंय का, हे सहा आठवड्यांनी बघायचं होतं. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, सकाळी भरात असतं आणि दिवसभर उतरत जातं. म्हणून रक्त सकाळी आठच्या सुमाराला द्यायचं आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. माझ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी दुपारची गोळी शेवटची, असं सांगितलं होतं. तुमची वेळ तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझी बघून करू नका.

त्या आठवड्यात पायऱ्या चढायचं जिवावर आलं होतं. भाच्याने मोबाइलवरून एका मोठ्या कंपनीची घरी येऊन रक्त नेणारी सेवा ठरवून दिली. साडेसातची वेळ होती. मुलगा आला दहा पन्नासला. तोवर मला घेरी आल्यासारखं झालं आणि नऊ वाजता मी गोळी घेतली. त्याला ते सांगितलं, तर म्हणाला, "चालतं, काही फरक पडत नाही." तो बिचारा सकाळपासून दहा घरं फिरून आलेला, त्याला कुणी शिकवलंच नसेल. माझा राग त्याच्यावर नाही, ज्यांनी त्याला न शिकवता पाठवलं त्यांच्यावर आहे. रिपोर्ट रंगीत होता, हिरव्या पट्टीवर बाण : कॉर्टिसॉल २१, नॉर्मल.

घरात आनंद झाला. गोळ्या सुटल्या म्हणून मुलीने शिरा केला. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र आकड्याआधी रक्त काढल्याची वेळ बघितली आणि विचारलं, "गोळी किती वाजता घेतली होती?" हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. मशिनला दिसलं ते माझ्या गोळीतलं. त्या कागदावर विश्वास ठेवून मी गोळ्या बंद केल्या असत्या तर साध्या तापात जीव धोक्यात आला असता.

तीन दिवसांनी ताईंकडे गेले. जिना चढले, मध्ये दोनदा थांबून. खुर्चीत बसल्यावर त्यांनी सुई हातात घेण्याआधी प्रश्न विचारले, आणि दर वेळी त्या तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात. स्टेरॉइडची शेवटची गोळी कधी घेतली? आज सकाळी थायरॉईडची गोळी घेतली का? गर्भनिरोधक गोळी चालू आहे का? केसांची, नखांची कुठली गोळी? रात्री झोप झाली का? उत्तरं कागदावर लिहून तो कागद नमुन्याबरोबर लावतात. मी विचारलं, गर्भनिरोधक गोळीचा काय संबंध? त्या गोळीने रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, म्हणून आकडा खोटाच जास्त दिसतो, असं त्यांनी सांगितलं.

आणि केसांची गोळी मी खरंच घेत होते. ऑपरेशननंतर केस मूठभर गळायचे, म्हणून मेडिकलमधून आणलेली. त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं. ताईंनी ट्रे बाजूला ठेवला. "आज नको देऊ," म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं. बायोटिन ज्या पद्धतीने हार्मोन मोजतात त्यातच आड येतं, काही आकडे खोटेच वर जातात, काही खोटेच खाली. डॉक्टरांना फोन करून विचारायला लावलं, गोळी बंद केली आणि तीन दिवसांनी परत बोलावलं. दाराशी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला धंद्यात हिंमत लागते. मीही धंदा करते, मला माहीत आहे.

त्या वेळी कॉर्टिसॉल आलं ६.१. त्या रंगीत कागदावरच्या २१च्या जागी. मधला आकडा आहे, म्हणाले डॉक्टर. तीनच्या खाली असता तर ग्रंथी काम करत नाही हे स्पष्ट, पंधरा-अठराच्या वर असता तर चिंता नाही, मध्ये आलं की गोळ्या चालू ठेवायच्या आणि नंतर इंजेक्शन देऊन चाचणी करायची. ती चाचणी ऑपरेशननंतर लगेच करून उपयोग नसतो, कारण हुकूम बंद झाला तरी अ‍ॅड्रिनल ग्रंथी काही आठवडे जुन्या सवयीने काम करत राहतात आणि परीक्षा पास होतात. माझी मे महिन्यात पुण्यात झाली. एका तासाने आकडा १९ आला आणि गोळ्या हळूहळू उतरवल्या. त्याआधी एप्रिलमध्ये मला तीन दिवस ताप आला होता. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे गोळी दुप्पट केली आणि निभावलं. उलटी होऊन गोळी पोटात राहिली नाही तर इंजेक्शन घ्यायचं, हे लिहिलेलं कार्ड माझ्या पर्समध्ये अजून आहे.

थायरॉईडचं थोडक्यात सांगते, पण हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुठल्याही लॅबमध्ये थायरॉईड म्हटलं की टीएसएच करतात. टीएसएच हा पिट्युटरीने थायरॉईडला दिलेला हुकूम. हुकूम देणारीच दुखावलेली असेल तर नुसता हुकूम मोजून काय कळणार? माझं टीएसएच १.८ होतं, अगदी नॉर्मल. पण फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडने स्वतः बनवलेलं हार्मोन, ०.६२, मर्यादेच्या खाली. ताईंनी माझी चिठ्ठी वाचून स्वतःहून फोन केला होता. "डॉक्टरांनी फ्री टी-४ लिहिलंय आणि आमच्या प्रोफाइलमध्ये ते येत नाही. वेगळं लावते, पैसे थोडे वाढतील, चालेल का?" त्या एका फोनमुळे माझा थकवा कुठून येतोय ते सापडलं. कॉर्टिसॉलच्या गोळ्या चालू होत्याच, म्हणून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू करता आलं. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर माणूस बिघडतो, हा क्रम डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवला होता. पाळी नियमित परत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बीजकोषाच्या हार्मोनच्या तपासण्या नकोत, पाळीच सांगतेय. तेवढे पैसे वाचले.

मग आला बारा आठवड्यांचा दिवस, ज्यासाठी सगळं केलं होतं. आयजीएफ-१ आणि साखरेचं पाणी पिऊन वाढीच्या हार्मोनची चाचणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, निरोगी माणसात साखर चढली की वाढीचं हार्मोन खाली बसतं. गाठ उरली असेल तर बसत नाही. दोन तासांत पाच वेळा रक्त. माझ्या नसा तोवर संपल्यासारख्या झाल्या होत्या. ताईंनी मला आतल्या खोलीतल्या बाकावर आडवं केलं, उजव्या हाताला एकदाच इंट्राकॅथ, म्हणजे नसेत ठेवायची बारीक नळी, लावलं आणि पाचही वेळा त्यातूनच रक्त घेतलं. दर वेळी आधी थोडं रक्त काढून टाकायच्या, मग पिवळ्या झाकणाच्या आणि करड्या झाकणाच्या नळीत भरायच्या. हातात स्वयंपाकघरातला गजर, अर्ध्या अर्ध्या तासाला वाजणारा. ग्लुकोजमध्ये अर्धं लिंबू पिळून दिलं, नाहीतर गिळवत नाही. दोन तास मी छताची तुळई बघत पडले होते आणि बाहेर एक म्हातारे आजोबा साखर तपासायला आलेले, ते माझ्या ह्यांना अजिंक्यताऱ्यावर पूर्वी किती पाऊस पडायचा ते सांगत होते.

या लॅबकडे हार्मोनची सगळी मशीन नाहीत. सोडियम, साखर, थायरॉईड, कॉर्टिसॉल इथे होतं. आयजीएफ-१ आणि वाढीचं हार्मोन मुंबईला जातं. रक्त गोठू देऊन, फिरवून, वरचं पाणी वेगळं करून, थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पाकिटांवर. नमुने ठेवायच्या फ्रिजच्या दाराला दोरीने एक वही बांधलीय. सकाळ-संध्याकाळ फ्रिजमधलं तापमान त्यात लिहितात : ४, ५, ४, ४. जुलैतल्या पावसात वीज गेली होती त्या दिवशी मी तिथेच होते. ताईंनी आधी इन्व्हर्टर बघितला, मग वही घेतली आणि वेळ लिहिली. कुणी बघत नव्हतं.

मे महिन्यात आयजीएफ-१ आलं २६२. साखरेच्या चाचणीत वाढीचं हार्मोन ०.६पर्यंत खाली बसलं. एकच्या खाली हवं होतं. आयजीएफ-१ला उतरायला काही महिने लागू शकतात, म्हणून ऑगस्टमध्ये परत. आलं २३८. मर्यादेच्या आत. रिपोर्ट द्यायला ताई स्वतः जिना उतरून आल्या, रस्त्यावर उभं राहून कागद हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

पण त्याच आठवड्यात पुण्याला गेले, तेव्हा तिथल्या लॅबमध्ये पुन्हा एकदा रक्त घेतलं. आयजीएफ-१ २९१, मर्यादेच्या वर. पुणे ते सातारा सगळा रस्ता, खंबाटकीच्या घाटात सुद्धा, मी बोलले नाही. गाठ परत आली असंच मनाने घेतलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावलं. आयजीएफ-१ मोजायच्या मशिनी आणि कीट वेगवेगळ्या असतात, एकाच रक्ताचा आकडा दोन ठिकाणी वेगळा येऊ शकतो, प्रत्येकाची मर्यादाही वेगळी. एकाच ठिकाणी दिलेल्या आकड्यांची रांग बघायची. जिथे पहिल्यापासून देताय तिथेच द्या, म्हणाले.

हे मला लगेच पटलं, कारण माझ्या दुकानात दोन टेप आहेत. एक कापडी, वीस वर्षांची, ताणून ताणून लांब झालेली. तिच्यावर छाती ३६ येते ती नव्या टेपवर ३६ पाऊण येते. बाई तीच असते. एका टेपने माप घेऊन दुसऱ्या टेपने कापड कापलं तर ब्लाउज बसत नाही. नोव्हेंबरमध्ये ताईंकडे दिलं, २२९. यंदाच्या मे महिन्यात २१४. ७९४, २६२, २३८, २२९, २१४. हे सगळे एका टेपचे आकडे आहेत, आणि माझ्या डॉक्टरांचा यावर विश्वास आहे. वहीत मी ते ब्लाउजच्या मापांसारखेच लिहून ठेवलेत, पुढे तारीख आणि वेळ.

आता त्रास. जिना हा मोठा त्रास आहे. ऑपरेशन झालेल्या, चक्कर येणाऱ्या माणसाला अठरा उभ्या पायऱ्या म्हणजे परीक्षा. ताई खाली येतात हे खरं, पण सकाळी गर्दीत त्यांना दर वेळी जमत नाही. खाली एक खुर्ची आणि घंटा ठेवली तर फार बरं होईल, मी त्यांना दोनदा सांगितलंय. गाडी लावायला जागा नाही. रविवारी बंद. शनिवारी दिलेलं आयजीएफ-१ मुंबईला सोमवारी जातं, म्हणून शनिवारी देऊ नका. रिपोर्टला पाच-सहा दिवस लागतात आणि त्या दिवसांत झोप लागत नाही. एकदा माझी नळी फिरवल्यावर रक्तातल्या पेशी फुटलेल्या निघाल्या, पोटॅशियम खोटं आलं असतं म्हणून परत बोलावलं. पैसे घेतले नाहीत, पण माझी सकाळ गेली आणि त्या दिवशी द्यायचा लग्नाचा ब्लाउज संध्याकाळवर गेला.

एसीटीएच, म्हणजे पिट्युटरीचा अ‍ॅड्रिनलला जाणारा हुकूम, मोजायची तपासणी त्या घेतच नाहीत. मी चिठ्ठी घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "हे हार्मोन नळीतच मोडायला लागतं. जांभळ्या झाकणाची नळी आधीपासून बर्फात हवी, काढल्याबरोबर थंड सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या मशिनमध्ये, फिरवायला हवं. माझ्याकडे ते सेंट्रीफ्यूज नाही. पुण्यात हॉस्पिटलमध्येच द्या." अशी सोय नसताना रक्त घेऊन पैसे लावणारे मी पाहिलेत. त्या दिवसापासून, ज्या तपासण्या त्या घेतात त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसला.

पैशाचं म्हणाल तर आयजीएफ-१ सगळ्यात महाग, दोन हजारांच्या वर. बाकीच्या तपासण्या शेकड्यांत. आयजीएफ-१चे दर तुमच्या गावी आधी विचारून घ्या, फरक बराच पडतो. फोनवरून पैसे देता येतात, पावती छापील मिळते, विम्यासाठी मागितली तर सही-शिक्क्यासह देतात. दर वेळी आधीच्या रिपोर्टांची यादीही मागितली की छापून मिळते, एका कागदावर तारखेप्रमाणे. डॉक्टर तो कागद बघून खूश असतात.

मोठ्या शहरात राहणाऱ्यांना चांगल्या लॅब हाकेच्या अंतरावर असतात. साताऱ्यात, कराडात, फलटणला राहणाऱ्यांनी मात्र आधी जाऊन चार प्रश्न विचारावेत : फ्री टी-४ वेगळं करता का, कॉर्टिसॉलला वेळ लिहिता का, सोडियम तासाभरात मिळेल का, आयजीएफ-१ दर वेळी त्याच ठिकाणी पाठवता का. उत्तर देणारा माणूस गोंधळला नाही तर तिथे रक्त द्यायला हरकत नाही.

ही लॅब सकाळी सातला उघडते. कॉर्टिसॉल द्यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करून तसं सांगा, ताई पावणेसातला येऊन बसतात. जिना चढवत नसेल तर फोनवर तेही सांगा. माझं पुढचं आयजीएफ-१ नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी आहे. कात्रीच्या मुठीत अंगठा आता परत सैल बसतो.